बारा जण झालो तरी एक जण बाहेरच: आमच्या शनिवारच्या ग्रुपला खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो, आणि त्यातही ज्यांनी तो पोल टाकला त्या दोघा ॲडमिननो,

हे उघड्यावर लिहितेय कारण बंद ग्रुपमध्ये तीनदा लिहून झालं. पहिल्यांदा दोन अंगठे आले, दुसऱ्यांदा कोणीतरी लगेच खाली ट्रिपच्या गाडीचा विषय काढला, तिसऱ्यांदा मला पर्सनलवर मेसेज की अगं सोड ना, कशाला ग्रुपचं वातावरण खराब करतेस. वातावरण खराब व्हायचं ते झालंय, फक्त त्रास एकाच माणसाला होतोय, मी आपल्यात आणलेल्या त्या मैत्रिणीला, जिला ट्रिपला घ्यायचं का यावर तो पोल पडला, आणि ती कंटाळून निघून गेली की बाकीच्यांना परत सगळं छान वाटायला लागेल असा हा हिशेब आहे. मला तो मान्य नाही.

तुमची कोणाची नावं घेणार नाही. तिचंही नाही. लिहायच्या आधी तिला विचारलं, ती म्हणाली लिही, पण नाव नको, फोटो नको, आणि मला बिचारी करू नकोस. यातलं शेवटचं किती जमतंय ते बघू.

बाहेरून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही अकरा जण, दर शनिवारी सकाळी सात वाजता बॅडमिंटन खेळतो. कोणालाही धड येत नाही. एकाच्या गुडघ्याला कायम पट्टा, एकीचा सर्व्ह नेटच्या खालून जातो, आणि खेळण्यापेक्षा बेंचवर बसून गप्पा जास्त. चार महिन्यांपूर्वी मी माझ्या ओळखीच्या एका मैत्रिणीला घेऊन आले. ती ट्रान्स आहे, म्हणजे जन्माच्या वेळी तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती, ती बाई आहे आणि बाई म्हणूनच जगते. पारलिंगी म्हणायचं, ट्रान्सजेंडर म्हणायचं की अजून काही, असं एकाने तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं (हे मात्र मला आवडलं होतं, निदान विचारलं तरी). ती म्हणाली नावाने हाक मारा, तेवढं पुरतं.

अकरा जण असताना आमची एक जोडी नेहमी मोडायची, एक जण फुकट बसायचा, त्यावरून दर शनिवारी भांडणं. ती आली, बारा झालो, सहा जोड्या सुटसुटीत. तरीसुद्धा चार महिन्यांत बहुतेक शनिवारी पाचच जोड्या पडल्या. तिला खुर्चीवर बसवून स्कोअर सांगायला लावायचं आणि जोडी मोडलेल्या दुसऱ्या माणसाने बेंचवर फोन बघत बसायचं. म्हणजे स्वतः फुकट बसू पण तिच्याबरोबर खेळणार नाही, इथपर्यंत आलोय आपण, आणि हे कोणी ठरवून केलं असंही नाही. ठरवून केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि आता हा पोल.

'ट्रिप फायनल' नावाचा नवीन ग्रुप काढला, त्यात अकरा जण, ती नाही. त्यात पोल पडला, 'तिला ट्रिपला घ्यायचं का?' आणि खाली तीन पर्याय: हो, नाही, तुम्ही ठरवाल ते. हो ला तीन मतं, नाही ला चार, आणि 'तुम्ही ठरवाल ते' ला चार. मग तिला मेसेज गेला की यावेळी फक्त जुन्या लोकांची ट्रिप आहे गं, पुढच्या वेळी नक्की. गेल्या वर्षीच्या ट्रिपला आपल्याबरोबर जो आला होता तो येऊन तेव्हा दोन महिने झाले होते. ती चार महिने येतेय. जुन्याची व्याख्या काय ते मला कोणीतरी सांगा.

नाही म्हणणाऱ्या चौघांवर माझा राग आहे पण तो समजण्यासारखा राग आहे, त्यांना काय वाटतं ते त्यांनी सांगितलं. 'तुम्ही ठरवाल ते' वाल्या चौघांचं मला जास्त लागलं. तिच्याशी हसून बोलणारे तुम्हीच, तिने बेंचवर विसरलेलं जॅकेट आठवणीने नेऊन देणारेही तुम्हीच, आणि नेमकं बोलायची वेळ आली तेव्हा सगळ्यात सोयीच्या चौकोनात बोट ठेवून मोकळे झालात.

आता तुम्ही म्हणाल ही मोठी शहाणी. नाहीये. पहिली चूक माझीच आहे आणि बाकी सगळं त्या चुकीतूनच सुरू झालं. ती यायच्या आदल्या रात्री मी तुम्हा सगळ्यांना मेसेज टाकला होता की उद्या येणारी मैत्रीण ट्रान्स आहे हं, आधीच कल्पना दिलेली बरी. मला वाटलं मी तिची वाट सोपी करतेय. तिला विचारलं नव्हतं. तिची गोष्ट, कोणाला कधी सांगायची ते तिने ठरवायचं, आणि ती हॉलमध्ये पाय ठेवायच्या आत ती गोष्ट मी दहा फोनवर पोचवून ठेवली. तिला हे दीड महिन्याने कळलं तेव्हा ती चिडली नाही, एवढंच म्हणाली की तरीच पहिल्या दिवशी सगळे इतके छान वागत होते, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे. तो मेसेज पाठवला नसता तर कदाचित तुमच्या डोळ्यासमोर आधी एक बरा बॅकहँड असलेली बाई आली असती, बाकीचं नंतर. तो चान्स मी घालवला.

आणि पहिल्याच दिवशी, एवढी कल्पनाबिल्पना देऊन, तोंडातून गेलं माझ्याच: 'तू कधी आलास?' मग मी पाच मिनिटं सॉरी सॉरी करत बसले, इतकी की शेवटी तीच मला समजावत होती की असू दे, होतं असं. नंतर तिने सांगितलं, चुकलं की तिथल्या तिथे नीट म्हण आणि पुढचं बोल, तुझं सॉरी ऐकत बसले की मी स्कोअर विसरते. तेव्हापासून मी तेच करते. आलास, आलीस, आणि पुढे. दोन सेकंद लागतात.

पहिलं, भाषा. हे आपल्या भाषेचं काय आहे ते एकदा नीट बघा, कारण तुमच्यापैकी एकाने म्हटलं होतं की एवढ्या-तेवढ्यावरून कशाला नाराज व्हायचं. इंग्रजीत माणूस समोर असला की यू म्हणून सुटता येतं, ही-शीची भानगड पाठीमागे बोलतानाच येते. मराठीत तसं नाही. तू आलास, तू आलीस, काय करतोस, काय करतेस, कुठे होतास, कुठे होतीस, जवळजवळ दर वाक्यात क्रियापद येऊन विचारतं की समोरचं माणूस तू कोण समजतोस. तासाभराच्या गप्पांत कमीत कमी पन्नास वेळा. पन्नासातलं एखादं चुकलं तर त्याला चूक म्हणतात. चार महिन्यांनी पन्नासच्या पन्नास 'आलास, गेलास, खेळलास' येत असतील तर ती चूक नाहीये, ते मत आहे, आणि ते मत प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला ऐकवलं जातंय.

आपल्यातला एक जण तर कमालीचा हुशार निघाला. त्याला आलास म्हणायचं नाही आणि आलीस म्हणवत नाही, म्हणून तो तिच्याशी फक्त आज्ञा देतो किंवा पुढचं विचारतो. ये. बस. घे. पुढच्या शनिवारी येशील ना? करशील का? जाणार का? भविष्यकाळात लिंग दिसत नाही, हे त्याला शाळेत कोणी शिकवलं नसेल पण गरज पडल्यावर बरोबर सापडलं. मला आधी हे लक्षातही आलं नव्हतं, तिने सांगितलं. म्हणाली, 'त्याच्याकडे माझ्यासाठी भूतकाळच नाहीये.' हसत म्हणाली, पण तुम्ही विचार करा, चार महिने कोणी तुमच्याशी एकदाही 'काल कुठे होतीस' असं बोललं नाही तर कसं वाटेल.

त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे ते 'ते'. ती हॉलच्या दारात होती, आत एकाने विचारलं, 'ते आलं का आज?' आणि दोघं हसले. मराठीत आपण लाडाने म्हणतो लेकरू झोपलं, पिल्लू आलं, आणि वस्तूला म्हणतो टेबल मोडलं, कुलूप हरवलं. मोठ्या माणसाला कोणी 'आलं' म्हणत नाही, म्हटलं तर त्याला माणसातून काढायलाच म्हणतात. हे बोलणाऱ्याला चांगलं माहीत होतं, म्हणून तर हसू आलं. तेव्हा मी बूटांची लेस बांधत होते. मी ऐकलं, आणि मी लेस बांधत राहिले. तेही लिहून ठेवते इथे.

दुसरं, आवाज. बेंचवर तिच्या आवाजाची नक्कल झाली, एकदा नाही, दोन शनिवार. जरा माहिती करून घेतली असती तर केली नसती असं मला अजूनही वाटतं, म्हणून सांगते. वयात येताना शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनमुळे स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो. ट्रान्स पुरुषांनी, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषांनी, नंतर टेस्टोस्टेरॉन घेतलं तर त्यांचा आवाज तसाच खाली उतरतो. पण उलट बाजूने होत नाही. ट्रान्स बायकांनी इस्ट्रोजेन हे बायकी हॉर्मोन घेतलं म्हणून एकदा जाड झालेले स्वरतंतू परत बारीक होत नाहीत. आवाज बदलायचा तर रोजचा रियाज, महिनोन् महिने, गाणं शिकणाऱ्यासारखा, किंवा मग ऑपरेशन, नाहीतर आहे तो आवाज ठेवायचा, काहीजणी तेही करतात आणि त्यातही काही कमी नाही. ही रोज सकाळी करते. साधं बोलताना तिचं सगळं जमून येतं पण ओरडायची वेळ आली की आवाज निसटतो, आणि स्कोअर सांगायला बसवलं की ओरडावंच लागतं, हॉलमध्ये घुमतं सगळं. नक्कल झाली त्याच्या पुढच्या शनिवारपासून ती स्कोअर ओरडत नाही. बोटं दाखवते. चौदा-अकरा असेल तर एक बोट, मग चार बोटं, थांबायचं, मग परत एक आणि एक. तुमच्यातल्या एकाने तक्रारही केली की नीट कळत नाही, मोठ्याने सांग ना. तिने मान हलवली आणि परत बोटंच दाखवली.

तिसरं, जुना फोटो. कोणीतरी वेळात वेळ काढून तिचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो शोधला, जुन्या नावासकट, आणि 'बघा ओळखा पाहू' करून टाकला. अर्ध्या तासात डिलीट केला म्हणे. अर्ध्या तासात अकरा जणांनी बघितला. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणीचं नवं आडनाव आपण पंधरा दिवसांत पाठ केलं, आपल्यातल्या एकाला लहानपणापासूनचं घरचं नाव आवडत नाही म्हणून त्याला ते कोणी हाक मारत नाही, मग हिचंच जुनं नाव एवढं खणून काढण्यासारखं का?

नावाचं एवढं काय म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत १५ ते २१ वयाच्या १२९ ट्रान्स मुलामुलींचा एक अभ्यास झाला होता, २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एवढंच बघितलं होतं की घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत, या चारपैकी किती ठिकाणी त्यांना त्यांनी निवडलेलं नाव वापरता येतं. दर वाढत्या ठिकाणामागे आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि आत्महत्येचा प्रयत्न वगैरे ५६ टक्क्यांनी कमी दिसले. लहान अभ्यास आहे, आणि नावामुळेच सगळं झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, मला कळतं. पण त्या चार ठिकाणांत एक ठिकाण 'मित्र' आहे. घर आणि ऑफिस आपल्या हातात नाही. तिसरी जागा आपण आहोत.

चौथं, प्रश्न. ऑपरेशन झालं का, खाली काय आहे, लग्न कसं करणार. हे प्रश्न तुम्ही मला विचारलेत, तिलाही विचारलेत, पाण्याची बाटली उघडता उघडता. आपल्यातल्या एकाचं गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा टाका कुठे घातलाय दाखव असं कोणी म्हणालं नाही. बास, एवढंच.

पाचवं म्हणजे ते 'हा मानसिक आजार असतो, मी वाचलंय'. कधी वाचलंयस रे? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती मंजूर केली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि तिच्यात ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलीय. लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलीय, ती पण यासाठी की लागेल त्याला उपचार मिळावेत. आणि 'हे सगळं आत्ताचं फॅड आहे' म्हणणाऱ्यासाठी, बर्लिनमध्ये १९१९ साली माग्नुस हिर्शफेल्ड नावाच्या डॉक्टरने संस्था काढली होती, तिथे अशा लोकांवर उपचारही व्हायचे आणि त्यांना नोकऱ्याही मिळायच्या. मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि तिथली पुस्तकं चौकात जाळली. शंभर वर्षं झाली म्हणजे. फॅड एवढं टिकत नाही.

हां, आणि एकाने खेळातल्या अन्यायाचा मुद्दा काढला होता, की तिच्या अंगात पुरुषाची ताकद असणार, मग बायकांच्या बाजूला कसं घ्यायचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये कोणाला कुठल्या गटात घ्यायचं यावर खरंच मोठे वाद चालू आहेत, वेगवेगळ्या खेळांच्या संघटनांनी वेगवेगळे नियम केलेत, त्यावर तुझं काही मत असेल तर असू दे, माझंही अजून पक्कं नाही. पण आपण शनिवारी सकाळी मिक्स्ड डबल्स खेळतो. मिक्स्ड. त्यात तू आणि तुझा भाऊ मिळून एका बाजूला असता आणि तेव्हा तुला अन्याय दिसत नाही. आणि ती पंधरा-सातने हरते, मी बघितलंय.

आता खोल्यांचं, कारण पोलच्या खाली सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच झाली.

आपल्यातल्या एका मैत्रिणीने मला फोन करून स्पष्ट सांगितलं की मला तिच्याबद्दल वाईट वाटत नाही पण रात्री एका खोलीत झोपायला, कपडे बदलायला अवघड वाटेल, खोटं कशाला बोलू. मला तिचा राग आला नाही. तिला तसंही कोणाबरोबर खोली शेअर करायला आवडत नाही, मागच्या ट्रिपला ती घोरण्याच्या कारणाने माझ्या खोलीतून उठून गेली होती. अवघड वाटणं हा गुन्हा नाही. जिला अवघड वाटतं तिची सोय करा. पण एकीला अवघड वाटतं यावरून दुसरीने घरी बसावं हे कुठून आलं? आणि खोलीचा प्रश्न मुळात राहिलाच नव्हता. पोलच्या आठवडाभर आधी मी ॲडमिनना लिहिलं होतं की ती आणि मी एका खोलीत राहू. त्याच्याही आधी तिने स्वतःहून सांगितलं होतं की कोणाला प्रॉब्लेम असेल तर मी वेगळी खोली घेते, पैसे माझे मी भरते. दोन्ही मेसेज वाचलेले आहेत, निळ्या टिका आहेत. मग पोल कशासाठी होता? खोलीसाठी नव्हता. एवढं तरी आपण एकमेकांत कबूल करू.

'आम्हाला वेळ द्या' हे वाक्य मी या चार महिन्यांत सगळ्यात जास्त ऐकलं. वेळ लागतो हे खरंय, मलाही लागला, मी तिला दीड वर्ष ओळखते तरी पहिल्या दिवशी आलास म्हणाले. पण तुम्ही जो वेळ मागताय तो चाललाय कोणाचा? तुम्ही तो वेळ कोर्टवर खेळत काढताय, ती खुर्चीत बसून काढतेय. तुम्हाला मनातून पटेपर्यंत वाट बघू असं असेल तर तुमचं मन तुमच्या सवडीने पटू दे, माझी काही घाई नाही, काहींना कदाचित कधीच पटणार नाही आणि त्यांचं डोकं उघडून बघायला मी जाणार नाही. जोडी मात्र या शनिवारी पाडायची आहे. त्याला पटावं लागत नाही. माझ्याशी खेळताना तरी तुम्हाला मी कुठे पटलेली असते.

२०१६ मध्ये एका संशोधनाचे निष्कर्ष आले होते, मायामीमध्ये कार्यकर्ते घरोघर गेले आणि लोकांशी ट्रान्स माणसांबद्दल साधारण दहा मिनिटं बोलले. भाषण नाही, आकडे नाहीत. तुम्हाला कधी कोणी वेगळं ठरवून वागवलंय का, तेव्हा कसं वाटलं होतं, ते आठवा म्हणाले. तीन महिन्यांनी परत विचारलं तरी लोकांचा पूर्वग्रह कमी झालेला टिकून होता. तर मी माझं आठवते, तुम्ही तुमचं आठवा.

नऊ वर्षांपूर्वी मी या ग्रुपमध्ये आले तेव्हा माझा घटस्फोट होऊन तीन महिने झाले होते. मी कुठेच जात नव्हते कारण जिथे जाईन तिथे आवाज खाली जायचे, बायका मला नवऱ्यांपासून जरा लांब बसवायच्या, हे अक्षरशः खरंय. मैत्रिणीने ओढून हॉलवर आणलं. मी दारात उभी, अंगात घरातले कपडे, पायात चप्पल. आणि आपल्यातला जो सगळ्यात जाडा होता (आता नाहीये, अभिनंदन) तो घामाघूम माझ्याकडे आला, हातात स्वतःची रॅकेट दिली आणि म्हणाला, 'आमच्यात एक कमी आहे, नेटजवळ उभी राहा, मागचं मी बघतो.' नाव पण विचारलं नाही. मी चपला काढून अनवाणी खेळले. कोणी विचारलं नाही की काय झालं, का झालं, चूक कोणाची. ते तुम्हाला वर्षभराने मीच सांगितलं, मला सांगावंसं वाटलं तेव्हा. माझ्यासाठी पोल पडला नव्हता. पडला असता तर, अगदी प्रामाणिकपणे सांगा, 'तुम्ही ठरवाल ते' ला किती मतं पडली असती?

मी हे सगळं लिहितेय ते या ग्रुपबद्दल माझं मत वाईट आहे म्हणून नाही. तुम्हाला हे येतं म्हणून लिहितेय. तुम्ही माझ्या बाबतीत केलंय, शिकायला लागलं नव्हतं तुम्हाला.

तर माझं म्हणणं असं आहे, आणि हे मागणं आहे, विनंती वगैरे नाही.

पोल रद्द करा, आणि ज्या शब्दांत तिला नाही कळवलं होतं तितक्याच साध्या शब्दांत ट्रिपला ये म्हणून कळवा, माझ्यामार्फत नाही, ॲडमिननी स्वतः. मग यायचं की नाही ते ती ठरवेल. नाही म्हणाली तर का म्हणून विचारू नका.

'ट्रिप फायनल' ग्रुप बंद करा किंवा त्यात तिला घ्या. तिला घ्यायच्या आधी तो पोल आणि त्याखालच्या कमेंटी डिलीट करून साळसूद होऊ नका. तिला त्याबद्दल माहिती आहे, मी सांगितलंय.

फोटो ज्याने टाकला आणि 'ते आलं का' जो म्हणाला त्या दोघांनी तिला एकदा सॉरी म्हणा. एक वाक्य. माझ्यासारखं पाच मिनिटं रडगाणं गाऊ नका, आणि 'तुला वाईट वाटलं असेल तर' असंही नको.

खोल्यांची यादी करताना तिला आणि मला एकत्र टाका, ज्यांना अवघड वाटतं त्यांनी आपापली सोय आत्ताच सांगा, तिथे जाऊन रात्री अकराला नको.

स्कोअरला पाळी लावा. नावं चिठ्ठीवर लिहा, बाराच्या बारा.

आणि ज्याच्याकडे तिच्यासाठी भूतकाळ नाही त्याने एकदा, फक्त एकदा, 'काल कुठे होतीस' म्हणून बघावं. बाकी त्याचा खेळ चांगला आहे.

यातलं काहीच होणार नसेल तर तेही उघड सांगा, अंगठा टाकून नको. मग मी ट्रिपला येणार नाही आणि ॲडव्हान्स परत मागणार नाही. यात धमकी काही नाही, तिच्याशिवाय त्या गाडीत बसून गाणी म्हणता येतील असं मला वाटत नाही, एवढंच. शनिवारी मात्र येणार, हॉल काही कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही.

कालच तिच्याशी बोलले. रॅकेटची ग्रिप बदलून घेतलीय म्हणाली, आणि आवाज निसटला तरी यावेळी स्कोअर ओरडून सांगायचा ठरवलंय. तर या शनिवारी सात वाजता दाराजवळच्या कोर्टवर ती आणि मी जोडी आहोत. ती मागे, मी नेटजवळ. समोर कोण उभं राहतंय ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा.

तुमचीच,
नेटजवळ उभी राहणारी